खजिन्याच्या टोळीत दगा रंगवायचा, तर आधी वाटणी रंगवा

प्रश्न एका नव्या कॉमिकलेखकाचा आहे. त्याच्या गोष्टीचा सांगाडा आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सगळ्यांना कळेल. साल २१९०. समुद्र ४० मीटर चढलाय, मुंबईचा बराच भाग पाण्याखाली गेलाय. १९४४च्या गोदीतल्या स्फोटात हरवलेलं सोनं शोधायला पाच जणांची टोळी निघते: म्होरक्या नाखवा, यंत्रं सांभाळणारी रेवा, दोन पाणबुडे आणि जुने नकाशे वाचणारा तनय. पुस्तक ४८ पानांचं. ४१व्या पानावर तनय लेझरचं पिस्तूल काढतो, चौघांना तळाशी सोडतो आणि सोनं घेऊन पसार होतो. ज्या मित्रांना वाचायला दिलं त्यांतले काही म्हणाले, ‘हे आधीच कळलं होतं.’ बाकीचे म्हणाले, ‘पटलं नाही.’ लेखक विचारतोय, तनयला आणखी चांगलं लपवू कसं? आणि शेवटी त्याला मारू का?

मी मुंबईत कॉमिकच्या स्क्रिप्ट लिहिते, इतरांच्या संपादितही करते. साहसकथेत दगा आला की या दोन तक्रारी बहुतेक वेळा जोडीनेच येतात. ऐकायला उलट्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एक आहे. ज्याला आधीच कळलं त्याने पाहिलं की पाच जणांत तनयला काही कामच उरलेलं नाही. नकाशा वाचून झाला की तो नुसता चौकटीत उभा असतो, म्हणजे लेखकाने त्याला कशासाठी तरी राखून ठेवलंय. ज्याला पटलं नाही त्याने दगा झाल्यावर मागची पानं चाळून कारण शोधलं आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. आता तुम्ही तनयला आणखी लपवलंत, तर पहिली तक्रार थोडी कमी होईल आणि दुसरी वाढेल.

म्हणून ४१वं पान तूर्त बाजूला ठेवा आणि सातवं उघडा. तिथे एकाच चौकटीत पाचही जण हातावर हात ठेवतात, वर मोठ्या अक्षरांत फुगा येतो, ‘सारखे वाटे!’, आणि आठव्या पानावर होडी सुटते. वाटणीचा विषय तिथेच संपतो. जो करार वाचकाने नीट पाहिलाच नाही तो मोडला म्हणून त्याला लागेल कसं?

वाटणी किती जिवंत विषय आहे हे कोळीवाड्यात कुणालाही विचारा. पारंपरिक पद्धतीत मासळीच्या पैशाचे वाटे पडतात तेव्हा होडीचा वाटा वेगळा निघतो, जाळ्यांचा वेगळा आणि माणसांचा वेगळा. तुम्ही म्होरक्याला नाखवा केलंय. मग त्याच्या तोंडी ‘सारखे वाटे’ येणारच नाही, तो आधी होडीचा वाटा काढून ठेवेल. तेवढ्यावर रेवा उसळेल, कारण खोदाईचं यंत्र तिचं आहे आणि ते घ्यायला तिने घर गहाण टाकलंय. पाणबुडे म्हणतील, यंत्र मोडलं तर दुसरं येतं, खाली जीव आमचा जातो. आणि तनय? त्याने फक्त एक नकाशा आणलाय. नकाशाची किंमत सोनं सापडेपर्यंत सगळ्यांत जास्त आणि सापडल्यानंतर शून्य, हे त्या होडीवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि तनयला सगळ्यांत जास्त. हे भांडण दोन-तीन पानं चालू द्या. कंटाळवाणं होईल अशी भीती नको. खजिन्याच्या गोष्टीत माणसं खरी कोण आहेत ते हिशोबाला बसल्यावरच दिसतं.

लिहायला बसण्याआधी मी प्रत्येक पात्राचा एक कागद करते. त्याने या कामात काय घातलं, आपलं काय देणं आहे असं त्याला वाटतं, आणि आपल्याला कुणी काय कबूल केलं होतं असं त्याला आठवतं, एवढंच त्यावर असतं. सगळ्यांत उपयोगी पडते ती शेवटची नोंद. नाखवा बोलण्याच्या ओघात तनयला म्हणून गेला, ‘तुझ्या माणसांचं आपण बघू.’ नाखवा ते विसरला. तनयने ते वचन म्हणून धरलं. पाच कागद शेजारी ठेवले की तेच बोलणं दोघांना वेगळं आठवतंय अशी जागा सापडते, आणि दगा जवळजवळ नेहमी त्याच जागेतून वर येतो.

आता कारण. तुमचा तनय लोभी आहे, एवढंच मला मसुद्यात दिसलं. लोभ पाचही जणांत आहे, नाहीतर ती माणसं त्या पाण्यात उतरलीच नसती. सगळ्यांत असलेल्या गोष्टीने एकट्याचं वागणं उलगडत नाही. वाचक दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर साधा लोभही निभावून जातो. त्या वयात ‘त्याने एकट्याने सगळं घेतलं’ एवढा अन्याय पुरेसा असतो. पण तुमची भाषा आणि चित्रं मोठ्यांसाठी आहेत.

आणि तुम्ही निवडलेलं सोनं साधंसुधं नाही. मला सगळ्यांत वाईट याचं वाटलं की तुम्ही ते नुसतं पिवळ्या रंगाने भरून सोडून दिलंत. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटलं. त्याच्या पोटात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटा होत्या. चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. सोन्याच्या विटा हवेत उडाल्या. त्यांतली एक मैलभर दूर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छत फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली. काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना मिळाल्या.

हे सगळं वाचून पुन्हा तनयकडे बघा. नकाशा त्याच्याकडे आला कुठून? त्याचा आठ-नऊ पिढ्यांमागचा कुणी त्या दिवशी गोदीत पाण्याचा पाइप धरून उभा असेल तर? घरात तो नकाशा खजिन्याचा म्हणून कुणी जपलेलाच नाही, आपला माणूस कुठे पडला ते सांगणारा कागद म्हणून जपलाय. बाकी चौघं जिथे सोन्यासाठी खोदणार आहेत ती तनयच्या लेखी स्मशानाची जागा आहे. तो टोळीत आलाय तो कुणीतरी हे करणारच आहे, तर आपण तिथे असावं म्हणून. सोनं वर आल्यावर तो ते घेऊन पळतो आणि सरकारजमा करतो. रेवाचं घर जातं. आता यात खलनायक कोण, हे वाचकाला चटकन ठरवता येणार नाही.

कायद्याचाही इथे चांगला उपयोग होतो. आपल्याकडे गुप्तधनाचा कायदा १८७८चा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. न कळवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि कुणी जुना मालक निघाला नाही, तर शोधणारा आणि जागेचा मालक यांचे वाटेही कायद्यात ठरलेले आहेत: त्यांच्यात आधी काही ठरलं नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं जागामालकाला. गोदीतल्या सोन्याला मुळात धनी होता, त्यामुळे हा कायदा तिथे सरळसोट बसत नाही. पण २१९०चा कायदा तुम्हालाच लिहायचाय. तो असा लिहा की कळवलं तर थोडं पण नक्की मिळेल, लपवलं तर सगळं मिळेल किंवा काहीच नाही. मग होडीवर वाटणीच्या भांडणात आणखी एक भांडण आपोआप उभं राहतं आणि तनय ते सगळ्यांसमोर, उघडपणे हरतो. पुढे त्याने जे केलं ते कुणाला आकाशातून पडल्यासारखं वाटणार नाही.

हेच कारण घ्या असा माझा हट्ट नाही. कर्ज, घरचं आजारपण, कुणाची धमकी, यातलं काहीही चालेल. मी कसोटी एकच लावते. दगा देणाऱ्याला रेवाच्या समोर उभं करून दोन वाक्यांत आपली बाजू सांगायला लावा. ती ऐकून रेवा क्षणभर तरी निरुत्तर झाली पाहिजे. झाली नाही, तर कारण बदला.

आता विज्ञान. तुमची गोष्ट विज्ञानकथा आहे, पण दगा पिस्तुलाने होतो. तो बसस्टॉपवरही झाला असता. विज्ञानकथेत दगा त्या जगाच्या नियमांतून घडला पाहिजे आणि सुदैवाने तुमच्या जगात तसे नियम आयते पडलेत.

आधी जागा नीट करा. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून आता बुजवलेल्या आहेत. तुमचे पाणबुडे उतरतील तेव्हा त्यांना गाळाऐवजी काँक्रीटचा तळ लागेल. म्हणून रेवाचं खोदाईचं यंत्र लागतं, म्हणून तिचं घर गहाण पडतं. चूक दुरुस्त करताना कथानकच घट्ट होतं. आणखी एक. जगातला सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल, त्यामुळे ४० मीटर अशक्य नाही, पण २१९०पर्यंत ते होणं आजच्या अंदाजांच्या फारच पलीकडचं आहे. साल काही शतकं पुढे ढकललंत तर जाणकार वाचक अडखळणार नाही. पिढ्यांचा हिशोब तेवढा बदला.

पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे पाण्याच्या वरच्या हवेचा एक धरून ४० मीटरवर एकूण पाच. तिथे साधी हवा श्वासात घेऊन काम केलं की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात मुरतो. तिसेक मीटरच्या खाली त्याची गुंगीही चढायला लागते. माणूस नको तिथे हसतो, साधा हिशोब चुकतो. आणि वर येताना घाई केली तर मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, लुळेपणा येतो, जीवही जातो. म्हणून तळाशी बराच वेळ काढलेल्या पाणबुड्याला ९, ६, ३ मीटर अशा ठरलेल्या खोलींवर थांबत थांबतच यावं लागतं.

सोनं मात्र कुठेही थांबत नाही. प्रमाण वीट साधारण साडेबारा किलोची, आकारमान पाऊण लिटरच्याही आत. (तुमच्या चित्रकाराने ती बिस्किटाच्या पुड्यासारखी दोन बोटांत धरलेली दाखवलीय. तेवढं सुधारून घ्या. मनगटाला ताण पडलेला दिसला पाहिजे.) पाण्यात ती पाऊण किलोनेही हलकी होत नाही, म्हणून दहा विटा वर पाठवायच्या तर फुगवायची पिशवी बांधावी लागते. तळाशी तिच्यात १२० लिटर हवा भरली तर दाब कमी होत जाईल तशी ती फुगते, वर पोचेपर्यंत पाचपट होऊ पाहते, जास्तीची झडपेतून निघून जाते. पिशवी सोनं घेऊन एक-दोन मिनिटांत वर. माणसं मात्र अजून कितीतरी वेळ खाली टांगलेली.

म्हणजे त्या टोळीतला खरा प्रश्न कुणाचा किती वाटा हा नाहीच, होडीवर कोण थांबणार हा आहे. जो वर थांबेल त्याच्या हातात सगळं सोनं येणार, आणि उरलेले त्याला अडवायला वेळेत वर येऊ शकणार नाहीत. हा प्रश्न सातव्या पानावर मोठ्याने विचारला जाऊ द्या. नाखवाला थांबायचंय, पण पाणबुड्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. रेवाला यंत्राबरोबर खालीच जावं लागतं. मग सगळ्यांचं एकमत होतं तनयवर, कारण त्याला पाण्याची भीती वाटते आणि होडी चालवताही धड येत नाही असं सगळे समजतात. तनय स्वतः काही मागत नाही. त्याला निवडतात ते चौघंच. आता तुम्हाला त्याला लपवायची गरजच उरली नाही, त्यांनी स्वतः त्याला तिथे बसवलंय.

दग्याचं दृश्यही मग पिस्तुलाशिवाय उभं राहतं. चौघं ६ मीटरवर दोराला धरून थांबलेत. मुंबईचं पाणी गढूळ, वरचं काही दिसत नाही. तेवढ्यात इंजिनाचा आवाज येतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्यामुळे दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच आदळतो आणि कुठल्या दिशेने येतोय ते माणसाला कळत नाही. चित्रकाराला सांगा, आवाजाची अक्षरं चौकटीच्या चारही कडांनी फिरवून काढ. मनगटावरच्या घड्याळात थांबायची मिनिटं अजून बाकी आहेत. एक पाणबुडा वर झेपावतो, रेवा त्याचा पाय धरून ठेवते. कुणी कुणाला हातही न लावता घडलेला याहून क्रूर दगा मला तरी सुचत नाही.

अर्थात २१९०मध्ये तुम्ही कडक कवचाचे पोशाख दाखवलेत, ज्यांच्या आत दाब बदलतच नाही, तर हे सगळं कोसळतं. मग तुम्हाला दुसरा नियम शोधावा लागेल, बॅटरीचा किंवा प्राणवायूचा. कुठलाही घ्या, पण तो दग्याच्या निदान वीस पानं आधी एका साध्या, निरुपद्रवी प्रसंगात वाचकाला दाखवून ठेवा. उदाहरणार्थ पहिल्या सरावात नाखवाच घाई करून वर येतो आणि दोन दिवस त्याचा खांदा धरतो. त्या प्रसंगात हशा असू दे. नियम लक्षात राहतो, हेतू कळत नाही.

पानांच्या मांडणीबद्दल थोडं. छापील पुस्तकात धक्का नेहमी डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावर ठेवा. उजव्या पानावर असला तर वाचकाची नजर समोरचं पान वाचता वाचताच तिकडे जाते. तुमचं ४१वं पान उजवं आहे, फक्त त्यामुळेच काही मित्रांना ‘आधीच कळलं’ असेल. फोनवर उभं सरकवत वाचायचं असेल तर ही सोय नाही, तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा लांबवून वाचकाला बोट फिरवायला लावावं लागतं.

मनातले विचार दाखवणारे फुगे तुम्ही चौघांना दिलेत आणि तनयला दिले नाहीत. जुना वाचक हे चटकन पकडतो. एकतर सगळ्यांचे काढून टाका, किंवा तनयलाही द्या आणि त्यात खरंच लिहा, फक्त अर्धवट. ‘सोनं वर आलं पाहिजे’ हे तो मनापासून म्हणू शकतो. निवेदनाच्या पट्टीत मात्र कधीही खोटं लिहू नका. पात्र खोटं बोललं तर वाचक पात्रावर रागावतो, निवेदन खोटं बोललं तर पुस्तक मिटतो. शिवाय पाण्याखाली चेहरे मुखवट्याआड जातात, त्यामुळे प्रत्येकाच्या पोशाखावर लांबून ओळखू येईल अशी खूण हवी. सध्या २६व्या पानावर कोण कुणाला ओढतंय ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही, आणि तिथे संशय पेरायचा तर आधी ओळख पक्की पाहिजे.

मसुदा दाखवताना मित्रांना ‘कुणाचा संशय आला?’ असं विचारू नका. विचारलं की ते शोधायलाच बसतात. दग्याच्या आधीच्या पानापर्यंतच वाचायला द्या आणि विचारा, या पाचांतला कोण तुम्हाला आवडला. तनयचं नाव कुणीच घेतलं नाही, तर काम अजून बाकी आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तनयला मारावं का. माझं मत, मारू नका, आणि दगा इतका उशिरा आणू नका. ४८ पानं म्हणजे सोळा पानांचे तीन फर्मे, छपाईत एकत्र निघणारे तीन गठ्ठे. दगा दुसऱ्या फर्म्याच्या शेवटाकडे, तिसाव्या पानाच्या आसपास येऊ द्या. सध्या दग्यानंतर सात पानं उरतात आणि ती सगळी पाठलागात जातात, शेवटी स्फोटात तनय मरतो आणि कुणालाच काही बोलावं लागत नाही. वाचकाला तो पकडला जाण्यात रस आहेच, पण त्याहून जास्त ओढ ती माणसं पुन्हा समोरासमोर आल्यावर काय बोलतात याची असते. ससून डॉकच्या बुडालेल्या छपरांवर तरंगणाऱ्या होडीत असो किंवा एखाद्या सरकारी कचेरीच्या बाकावर, रेवा आणि तनयला एकत्र बसवा. नाखवाने त्याला काय कबूल केलं होतं ते तिला तिथे पहिल्यांदा कळू दे, आणि तिचं घर गहाण होतं हे त्याला. या प्रसंगाला चार पानं तरी लागतील. ती पाठलागातून काढा.